फलकावरची पहिली ओळ

अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेला कापडी फलक रंगवणारे एक म्हातारे पेंटर बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वद सालच्या आसपास आमच्या चाळींना धड पाणी येत नव्हतं, म्हणून मोर्चा ठरला. फलक सांगायला मी पुढाऱ्याच्या माणसाबरोबर त्यांच्याकडे गेलो.

मजकुराच्या कागदावर अकरा नावं होती आणि मागणी तळाशी. पेंटरनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि कापडावर सर्वांत आधी निळ्या, हातभर अक्षरांत लिहिलं : ‘पाणी द्या’.

पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, “काका, साहेबांचं नाव वर पायजे ना.”

“येईल की. उरलेल्या जागेत.”

“उल्हासनगरला पेंटर कमी नाहीत, काय?”

“मग तिकडं जा.”

मग ते मला म्हणाले, “गावच्या विहिरीला आम्हाला शिवू देत नव्हते. आम्ही मोर्चा काढला, तेव्हा लिहिता येणारा मी एकटा. फलकावर ‘पाणी’ एवढंच लिहिलं. स्वतःचं नाव टाकायचं सुचलंच नाही. पाणी भरूनच घरी गेलो.”

फलक उल्हासनगरला रंगला. अकरा नावांखाली मागणीला जागा उरली नाही.

मोर्चाच्या दिवशी कचेरीच्या दारात अधिकाऱ्यांनी फलक शेवटपर्यंत वाचला, साहेबांना हात जोडले आणि अदबीने विचारलं, “बरं, काय काम काढलंत?”

साहेबांनी वळून आपल्या माणसाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.