दोघांनी धरायच्या सळया

आमच्या विभागात त्याला सगळे रंगारी म्हणतात. भिंती रंगवतो म्हणून नव्हे. ऑपरेशन करून काढलेली स्वादुपिंडाची गाठ फॉर्मालिनच्या बरणीतून आमच्याकडे आली, की कापण्याआधी तिला बाहेरून रंगीत शाई लावायची, हे त्याचं काम. पुढून हिरवी, मागून काळी, मोठ्या शिरेच्या खाचेत निळी. मग मायक्रोस्कोपखाली कळतं, की गाठ कोणत्या रंगापर्यंत पोचलीय. रंगाला भिडली असेल, तर थोडी पेशंटच्या पोटातही राहिली असणार. नाही भिडली, तर रिपोर्टात 'कडा मोकळ्या' असं लिहायचं.

ते लिहायचं म्हणजे टाइप करायचं काम माझं. निवृत्तीनंतरही मला ठेवून घेतलंय. टायपिंगपेक्षा बातम्यांसाठी असावं.

कापायच्या आमच्या बाई. विभागप्रमुख, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ सुरीपेक्षा धारदार. त्यांची पद्धत ठरलेली. पित्ताच्या नळीत एक सळई घालायची, स्वादुपिंडाच्या नळीत दुसरी, आणि सळयांच्या अंगाने सुरी चालवत सगळा नमुना पुस्तकासारखा उघडायचा. एकाने सळया धरायच्या, दुसऱ्याने कापायचं. एकवीस वर्षं सळया रंगाऱ्याने धरल्या.

"रंगारी, हात हलतोय तुमचा."

"बाई, हलतेय ती तुमची सुरी."

"लग्न केलं असतंत ना, तर एवढं बोलायची सवय राहिली नसती."

"म्हणूनच नाही केलं."

मी पलीकडे टायपिंग थांबवून ऐकायचो. बाईंचे यजमान फार लवकर गेले होते. कँटीनमध्ये आम्ही ह्या दोघांचं लग्न निदान सहा वेळा लावून दिलं. त्या दोघांना मात्र एकदाही वेळ मिळाला नाही.

मग बाई निवृत्त झाल्या आणि लांब, लेकीकडे राहायला गेल्या. सहा वर्षांत रंगाऱ्याने ना फोन केला, ना पत्र लिहिलं. मी डिवचलं, की म्हणायचा, "उगाच कसा करणार? काहीतरी काम नको का?"

काम निघालं ते असं. बाईंच्या जागी आलेले नवे डॉक्टर सळया वापरतच नाहीत. नमुना आडवा ठेवतात आणि पाव कापावा तसे वरपासून खालपर्यंत पातळ काप काढतात, ओळीने मांडून फोटो घेतात. त्यांनी ठरवलं, दोन्ही पद्धती ताडून बघू. चाळीस नमुने, एक बाईंच्या पद्धतीने, एक कापांच्या. जुन्या पद्धतीच्या पाळीला सळया धरायला रंगारीच. "ह्यांच्या सुरीला वजन नाही," असं तो मला दर वेळी सांगायचा. जावई नापसंत असलेल्या सासूसारखं तोंड करून.

दीड वर्षाने हिशेब लागला. जुन्या पद्धतीच्या वीस नमुन्यांत गाठ कडेला भिडलेली सापडली पाचांत. कापांच्या विसांत सापडली चौदांत. कारण सरळ होतं. पुस्तकासारखं मधून उघडलं, की मागची काळी कड सुरीपासून लांब राहते. तिथले एक-दोन तुकडे बघितले जातात. कापांत मात्र प्रत्येक कापाला ती कड दिसतेच.

त्या दिवशी चहा घेताना रंगारी म्हणाला, "मला हे ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"बाई असतानाच. एका मासिकात कापांचे फोटो आले होते. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं."

"अरे, मग बाईंना दाखवलं का नाहीस?"

त्याने कप खाली ठेवला. "कापांना माणूस एकच लागतो रे."

आयुष्यभर लोकांच्या फिरक्या घेतल्या मी. त्या दिवशी नुसता त्याचा कप पुन्हा भरला.

सहा वर्षं ज्या निमित्ताची वाट बघितली, ते मिळालं तर हे असं! कळवलं, तर बाईंच्या आयुष्यभराच्या कामावर बोट ठेवल्यासारखं, आणि शिवाय ड्रॉवरचं कबूल करावं लागणार. मग बाई आयुष्यात कधी तोंड बघणार नाहीत. न कळवावं, तर अभ्यास छापून आला की त्या वाचणारच. चार दिवस तो घरी एकच ओळ लिहून खोडत होता. शेवटी त्याची बहीण म्हणाली, "दादा, कागद फाटला. आता तरी सरळ काय ते लिही." त्याने लिहिलं. ड्रॉवरसकट.

फोन माझ्याच टेबलावर वाजला. मी रंगाऱ्याला हाक मारली, रिसीव्हर दिला, आणि स्वतः काही टेबल सोडलं नाही. बाईंचा आवाज अजूनही तीन फुटांवरून ऐकू येतो.

"मासिक कधीचं?"

"तुमच्या निवृत्तीच्या नऊ वर्षं आधीचं."

"नऊ वर्षं लोकांना 'कडा मोकळ्या' लिहून दिलं आपण."

"हो, बाई."

"मी टेबलावरून हाकललं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"हाकललं नसतंत. माझी गरज उरली नसती."

रंगाऱ्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मूर्ख आहात," बाई म्हणाल्या, पण हळू. "जुन्या स्लाइड्स आहेत ना? काळ्या कडेच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या काढून ठेवा. त्यातली किती माणसं उरली असतील कोण जाणे, पण बघायलाच हव्यात. सोमवारी येते. आणि तो दोघांनी बघायचा मायक्रोस्कोप, मोडीत नाही ना काढला?"

"नाही. आहे."

"मग धूळ पुसा."

आज शुक्रवार. एकशे बारा स्लाइड्स ट्रेमध्ये लावून झाल्यात. मायक्रोस्कोपची दुसरी बाजू सकाळपासून चौथ्यांदा पुसून झालीय. आत्ता रंगारी बाईंची खुर्ची वर करतोय, खाली करतोय, स्वतः बसून बघतोय, पुन्हा वर करतोय.

"का रे," त्याने मला विचारलं, "सहा वर्षांत माणसाची उंची किती कमी होते?"