पाऱ्याचं इंजेक्शन

“तुम्ही म्हणता ना, मग खरंच असणार,” असं म्हणून आमचे डॉक्टर चष्मा कपाळावर चढवायचे. समोरच्या मधुमेहाच्या पेशंटच्या मिशीला जिलबीचा पाक लागलेला असला तरी हेच. “गोड बंद आहे म्हणता, मग माझंच औषध कुठेतरी चुकतंय.” पेशंट बिचारा ओशाळून जिना उतरायचा आणि खाली माझ्या दुकानात गोळ्या घेताना हळूच विचारायचा, “डॉक्टरांना कळलं असेल का हो?”

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं औषधांचं दुकान आणि वर डॉक्टरांचा दवाखाना. नव्वदीला टेकले तरी सकाळी तासभर बसायचेच. तुमच्याही गावात असे एक डॉक्टर असतील, ज्यांच्याकडे माणसं औषधापेक्षा बोलायलाच जास्त जातात. आमच्या डॉक्टरांचं वेगळेपण एवढंच, की ते कोणालाही खोटं पाडायचे नाहीत. मला तो भोळेपणा वाटायचा. एकदा मी म्हटलंही, “डॉक्टर, लोक तुम्हाला चक्क गंडवतात.”

“गंडवू देत,” ते म्हणाले. “तेवढं परवडतं मला.”

गेल्या वर्षी चिरनेरच्या अलीकडच्या गावातली एक बाई तपासायला आली. डॉक्टरांनी तिचं आडनाव ऐकलं, तिच्या आजेसासऱ्यांचं नाव विचारलं, आणि त्या दिवशी पुढचे पेशंट पाहिलेच नाहीत. खाली येऊन माझ्या स्टुलावर बसले. “तुझी गाडी आहे ना रे? मला त्या गावी ने. माफी मागायचीय.”

पळस्प्याला ट्रकांच्या मागे आम्ही अडकलो, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. साठेक वर्षांपूर्वी दवाखाना नवा होता. मिठागरात काम करणारा एक गडी, त्या बाईचा आजेसासरा, त्यांच्याकडे यायचा. हृदय थकलेलं, पाय सुजून खांब झालेले. अशा सुजेवर तेव्हा पाऱ्याचं इंजेक्शन देत.

“पारा मूत्रपिंडात जातो,” डॉक्टर सांगत होते. “तिथल्या बारीक नळ्या मीठ परत रक्तात ओढून घेत असतात. पारा त्यांना ओढू देत नाही. मग मीठ लघवीतून जातं, त्याच्या मागोमाग पाणी जातं आणि पाय उतरतात. पारा स्वतःही बराचसा त्याच वाटेने निघून जातो. वर जेवण अळणी ठेवायचं.”

सुरुवातीला सूज झरझर उतरली. मग एकाएकी इंजेक्शन चालेना, पाय पुन्हा फुगले. डॉक्टरांनी त्याचा एकच अर्थ लावला, गडी चोरून मीठ खातोय. दिवसभर मिठाच्या राशीत उभा असणारा माणूस, दुसरं काय करणार!

“भरल्या दवाखान्यात बोललो त्याला. मिठागरातला माणूस मीठ सोडतोय होय, म्हणालो. लोक हसले. तो म्हणाला, नाय डाक्तर, शपत, कण पन नाय खाल्ला. मी त्याच्या बायकोला सांगितलं, हा खोटं बोलतोय, नजर ठेवा याच्यावर.”

तो पुन्हा आला नाही. पावसाळ्याआधीच वारला.

“आणि तो खरं बोलत होता रे. अंगातलं मीठ फार उतरलं की मूत्रपिंड त्या पाऱ्याला दाद देत नाही. त्याने माझं ऐकलं म्हणूनच औषध चालत नव्हतं. अशा वेळी थोडा नवसागर, तोही मिठासारखाच एक क्षार, पोटात द्यायचा, की पुन्हा चालतं. पुस्तकात होतं हे. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते मी.”

आठवलं तेव्हा माणूस गेलेला होता. जाऊन सांगावं, तर लोक म्हणतील डॉक्टरने मारला, आणि नवा दवाखाना बसेल. म्हणून गेले नाहीत. पुढे सुजेवर नव्या गोळ्या आल्या, पाऱ्याचं इंजेक्शन इतिहासजमा झालं, यांची लाज मात्र होती तिथेच राहिली. मी समोरच्या ट्रकची पाटी वाचत बसलो. इतक्या वयाच्या माणसाला असं शरमलेलं बघवत नाही.

त्या गड्याचा मुलगाही आता सत्तरीचा. मिठागरं गेली, तिथे कंटेनर उभे आहेत. घर तीन मजली, खाली मार्बल. डॉक्टर खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. “तुझे वडील खोटं बोलत नव्हते. मी चुकलो.”

मला वाटलं, मुलगा एक तर भडकेल, नाहीतर मोठ्या मनाने ‘जाऊ द्या’ म्हणेल.

“तुमी डाक्तर. तुमी बोललात म्हंजे खरंच, असं वाटलं आमाला,” तो म्हणाला. “बापूस मरंपर्यंत आमी पोरं त्याला चोर बोलायचो. तोंडावर. मंग आता आमी काय करायचं?”

सुनेने आणलेला चहा तसाच राहिला.

परतताना ते एवढंच बोलले, “हलकं व्हायला गेलो होतो रे. माझी लाज त्याच्या घरात टाकून आलो.” दवाखान्याचा जिना ते पुन्हा चढले नाहीत. महिनाभरात झोपेतच गेले.

त्यानंतर काही दिवसांनी तो मुलगा आपल्या थोरल्या बहिणीला हाताला धरून दुकानात आला. “डाक्तर हायत काय? हिला त्यांच्या तोंडून ऐकवायचं हाय. माजं खरं नाय वाटत तिला.”

डॉक्टर गेल्याचं मी सांगितलं. म्हातारी हलेना. शेवटी मी तिला बसवलं आणि पारा, मूत्रपिंड, मीठ, मला जमेल तसं सांगितलं. तिने शब्दन् शब्द ऐकला.

“आय मिठाचं मडकं उशाशी घेऊन निजायची,” ती म्हणाली. “बापूस शेवटाला जेवताना रडायचा. बोलायचा, चोर तर बोलताच हाव, मंग चिमटीभर द्या तरी. मी वाढायला असायची. नाय दिलं.”

मग तिने मला विचारलं, “दिलं असतं तर?”