नान्नांच्या चादरीवरची विमानं

आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून वडील नान्ना आणि थोरला भाऊ अण्णा. नान्नांचा जन्म सोलापुरी चादरी विणण्यात गेला. अण्णा मात्र मागावर बसला नाही. हवाई दलात जाऊन विमानांचा मेकॅनिक झाला. नान्नांनी त्याच्याशी अबोलाच धरला.

पुढं त्याची बदली कसरती करणाऱ्या विमानांच्या ताफ्यावर झाली. किरण विमानं, लाल-पांढरी, नऊच्या नऊ एकत्र उडायची. त्याआधी निळी हंटर होती म्हणे, ती अण्णानंही फोटोतच पाहिलेली. पण किरणचं कौतुक आमचे कान किटेपर्यंत चालायचं. एका सुट्टीत तो त्यांचा फोटो घरी ठेवून गेला. पुढच्या सुट्टीत नान्नांनी त्याच्यापुढं एक चादर पसरली. लाल जमिनीवर पांढरी विमानं! मला तर रडूच फुटलं. म्हटलं, मिटलं एकदाचं.

पण आमच्या चादरीची रीत अशी, की नक्षी अर्धीच काढायची, उरलेली अर्धी मागावर उलटी उतरते. मोर असो की कमळ, दोन्हीकडं सारखंच. नान्नांच्या हाताला तेच वळण. त्यामुळं नऊ विमानं डावीकडून, नऊ उजवीकडून, आणि मधोमध नाकाला नाक.

अण्णा पोट धरून हसला. "नान्ना, धडकतील की ही!"

मेल्याला गप्प बसता येत नव्हतं! नान्नांनी चादरीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. मग काय, "त्याला सांग, ताट वाढलंय," "त्यांना सांग, औषध घ्या." मी दोघांची पोस्टमन. किरण गेली, त्यांच्या जागी हॉक आली, अण्णा निवृत्त होऊन घरी आला, तरी तेच. नान्ना थकत चालले होते. हे असेच न बोलता जातील, या धास्तीनं माझा जीव खालीवर व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात बिदरला हॉकच्या कसरती होत्या. दोघांनाही दटावून गाडीत बसवलं. नान्नांनी थंडीचं निमित्त करून तीच चादर खांद्यावर घेतली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

"किरणची सर नाही," अण्णा वर बघत पुटपुटत होता. तेवढ्यात एक विमान डावीकडून आलं, दुसरं उजवीकडून, थेट एकमेकांवर. "अय्यो!" मी डोळेच मिटले. उघडले तर दोन्ही एकमेकांना चाटून सुसाट निघून गेलेली, मागं नुसता धूर. आणि नान्ना उठून उभे.

त्यांनी खांद्यावरची चादर काढली, अण्णाच्या अंगावर टाकली आणि त्याचा दंड धरला.

"धडकली का रे? सांग की!"

अण्णा लहान पोरासारखा रडत कसाबसा म्हणाला, "नाही, नान्ना."

"मग तेव्हा हसलास कशाला?"