डेलिथचे नऊ प्रश्न

आमच्या पोर्थग्लास गावात डेलिथ नावाच्या तीन बायका आहेत. एक शाळेतली, एक बोटवाल्याची, आणि तिसरी आमची, औषधवाली डेलिथ. बावीस वर्षं मी तिच्या दुकानात काउंटरवर उभी आहे, पण तिला घाईत असलेलं मी कधी पाहिलं नाही. दुकानाला आग लागली तरी ही बाई आधी चष्मा पुसेल. माझं उलटं. माझा पारा कधी चढेल याचा नेम नाही, म्हणून काउंटरवरची भांडणं माझ्याकडे आणि आतलं शांत बोलणं तिच्याकडे, अशी आमची वाटणी आहे.

जुलै लागला की आमच्याकडे एकाच गोळीची विचारणा सुरू होते. शाळा सुटतात, विमानं भरतात आणि गावातल्या बायका कॅलेंडर घेऊन बोटांवर दिवस मोजत बसतात. वर्षभर वाट पाहिलेली स्पेनची सुट्टी, आणि नेमकी त्याच आठवड्यात पाळी. मग ती पुढे ढकलायची गोळी घ्यायला दुकानामागच्या खोलीत जायचं. खोली कसली, पूर्वी तिथे आम्ही झाडू आणि बादल्या ठेवायचो. जुलैत त्या दारातून एखादी आत गेली की रांगेतल्या सगळ्यांना कारण कळतं, आणि मागे उभे असलेले पुरुष एकदम छताकडे बघायला लागतात.

आत डेलिथ नऊ प्रश्न विचारते. मैत्रीण असो, शेजारीण असो, नऊच्या नऊ. वय काय, शेवटची पाळी कधी आली, दिवस गेल्याची शक्यता आहे का, डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का, दुसरं काय औषध चालू आहे, असं करत करत शेवटपर्यंत. कुणी आधीच गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर त्याच गोळ्या न थांबता पुढे चालू ठेवून भागतं का ते ती बघते, आणि नवीन काही न देता घरी पाठवते. अशी गिऱ्हाइकं परत पाठवून दुकान कसं चालायचं, असं मी एकदा बोलले, तर म्हणाली, चालतंय की.

पाद्रीसाहेबांची बायको ग्वेनेथ हिचा किस्सा ती स्वतःच गावभर सांगते, म्हणून मीही सांगते. चॅपलची सहल जायची होती आणि तिला पाळी पुढे ढकलायची होती. डेलिथने तिसरा प्रश्न विचारला. ग्वेनेथचं तोंड रागाने लाल. चव्वेचाळीस वर्षांच्या पाद्रीणबाईला असलं विचारतात का? डेलिथ म्हणाली, सगळ्यांना विचारतात, आणि तपासणीची पट्टी हातात दिली. दहा मिनिटांनी ग्वेनेथ बाहेर आली आणि वजनकाट्यावरच बसली. पाळी बिचारी दोन महिन्यांपूर्वीच आपणहून पुढे गेली होती. तो मुलगा आता रग्बीत लोकांची नाकं फोडतो.

गोळी दिली की डेलिथ बजावते: पाळी यायच्या तीन दिवस आधी सुरू कर, दिवसातून तीनदा घे, बंद केलीस की दोन-तीन दिवसांत पाळी येईल, आणि हिने मूल राहायचं थांबत नाही, त्याची सोय वेगळी कर. हे शेवटचं ज्या ऐकत नाहीत, त्यांची बाळं एप्रिलमध्ये येतात.

तर गेल्या वर्षी एका सोमवारी माझी भाची कॅट्रिन दुकानात आली. सत्तावीस वर्षांची, माझ्या धाकट्या बहिणीची, आयर्वेनची, एकुलती एक. ऑगस्टात तिचं लग्न होतं, आणि लग्नाआधी नवरीने मैत्रिणींना घेऊन कुठेतरी जाऊन धिंगाणा घालायचा ही आमच्याकडची रीत. शुक्रवारी नऊ जणी स्पेनच्या मायोर्का बेटावर निघणार होत्या. आठ जणी गुलाबी पोशाखात आणि नवरी पांढऱ्याशुभ्र पोहण्याच्या कपड्यांत, दिवसभर बोटीवर. आणि पाळी शनिवारी.

"मेन्नामावशी, काकूंना सांग ना, लवकर सोडा. माझी बस आहे," म्हणत ती आत गेली.

मागची भिंत म्हणजे पातळ फळी आहे. आतलं ऐकू येऊ नये म्हणून मी नेहमी रेडिओ लावते. त्या दिवशी लावला नाही. भाची होती, काय करणार.

सात प्रश्न झाले. मग डेलिथने विचारलं, "आई, वडील, सख्खं कुणी, यांच्यापैकी कुणाच्या पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झाली होती?"

"नाही हो काकू. आईचा पाय एकदा दुखावला होता, मी लहान असताना, पायरीवरून घसरून. बाकी आमची खाणीवरची जात. धडधाकट."

माझ्या हातातली खोकल्याची बाटली हातातच राहिली. आयर्वेन कुठल्याही पायरीवरून घसरली नव्हती. तिच्या पायात गुठळी झाली होती, पस्तिसाव्या वर्षी. सासूला नातू हवा होता, आणि आयर्वेन सासूला चोरून गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. त्यातूनच ते झालं असं डॉक्टर म्हणाले. गुठळीचं नाव काढलं असतं तर गोळ्यांचंही निघालं असतं, आणि मग त्या म्हातारीने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून पायरी. सहा महिने रक्त पातळ करायचं औषध तिने घेतलं, ते याच दुकानातून, डेलिथच्या हातून. सासू जाऊन अकरा वर्षं झाली, पण पायरी तशीच राहिली. आमच्या घरात एकदा सांगितलेली थाप कुणी मागे घेत नाही.

आत खुर्ची सरकली. मग डेलिथ म्हणाली, "ही गोळी मी तुला आज देत नाही. आईशी नीट बोल आणि ये."

कॅट्रिन तडकली. बरोबर येणाऱ्या बेथनला पाच मिनिटांत दिली आणि मला का नाही, म्हणून तिने तीनदा विचारलं. डेलिथने तीनदा तेवढंच सांगितलं, आईशी बोल. बाहेर येताना पोरीचे डोळे भरले होते. बुधवारी गोळी सुरू करायची होती. इंटरनेटवरून आजच मागवते, बुधवारी सकाळी दारात येईल, तिथे कुणी आईची परवानगी मागत नाही, असं मला ऐकवून ती समोरच्या बस थांब्यावर जाऊन फोनमध्ये डोकं घालून उभी राहिली.

मी एप्रन सोडायला लागले.

"मेन्ना," डेलिथ म्हणाली, "कुठे?"

"तिला सांगायला. तुला सांगता येत नसेल, मला येतं. मी तिची मावशी आहे."

"ते आयर्वेनचं आहे. तिनेच सांगायचं."

"आणि पोरीने त्या गोळ्या मागवल्या तर?"

एरवी त्या गोळीने बहुतेकींना काही होत नाही. पण रक्त गोठायचा धोका ती थोडा वाढवते, आणि ज्या मुलीच्या आईला ऐन पस्तिशीत गुठळी झाली, ती ही गोळी घेऊन अडीच तास विमानात पाय दुमडून बसणार. या बाईचा शांतपणा त्या घटकेला मला डोळ्यांसमोर नको झाला होता, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं.

डेलिथने चष्मासुद्धा पुसला नाही. ड्रॉवरमधून "दहा मिनिटांत येते" अशी पाटी काढली, दाराला लावली आणि रस्ता ओलांडून निघाली. ती दुकानात नसली की मागच्या फळीवरची एकही गोळी मला कुणाच्या हातात ठेवता येत नाही, म्हणून बावीस वर्षांत ती जेवायलाही बाहेर गेली नव्हती. रांगेत सात जण होते. डेलिथ निघाली म्हटल्यावर कोण मेलं, असं एकाने विचारलं. सगळेच्या सगळे फुटपाथवर आले, आणि मीही.

समोर आयर्वेनचं मासे आणि तळलेल्या बटाट्यांचं दुकान. काचेतून सगळं दिसत होतं. डेलिथ काउंटरला टेकून दोन वाक्यं बोलली. आयर्वेनने मान हलवली, नाही म्हणून. डेलिथ तिथल्या स्टुलावर बसली. आयर्वेनने मासा कढईत सोडला, पाठ फिरवली, काहीबाही पुसलं, परत वळली. डेलिथ बसलेलीच. आयर्वेन हात उडवून काहीतरी ओरडली. डेलिथने तळलेल्या बटाट्याचा एक तुकडा उचलून खाल्ला.

तेवढ्यात वळणावर बस दिसली. आयर्वेनने ती पाहिली आणि हाताला पीठ तसंच, एप्रन तसाच, भर रस्त्यात आली.

"कॅट्रिन! चढू नकोस त्या बसमध्ये."

"आता तू पण सुरू कर," कॅट्रिन म्हणाली. "काय बोलायचंय माझ्याशी?"

आयर्वेनने फुटपाथवरच्या आम्हा आठ जणांकडे पाहिलं. ही माझी बहीण बाळंतपणात ओठ दाबून पडून होती, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. मला वाटलं आता ही पोरीचा हात धरून आत नेईल. पण बसचं दार उघडलं होतं.

"मी पायरीवरून पडले नव्हते," ती म्हणाली. "पायात गुठळी झाली होती. गोळ्या घेत होते म्हणून, मूल नको म्हणून. ती गोळी तू घ्यायची नाहीस. कळलं?"

बस ड्रायव्हरसुद्धा थांबला होता. कॅट्रिनने फोन खाली केला.

"म्हणजे मला भाऊबहीण का नाही विचारलं की आजीपुढे रडायचीस, ते..."

"नाटक. तू एकटीच तिघांएवढी होतीस."

कॅट्रिन हसायला लागली, मग रडायला, आणि आईच्या पिठाच्या एप्रनला जाऊन चिकटली. रांगेतल्या म्हाताऱ्या मिसेस प्रॉसर म्हणाल्या, माझ्याही पायात झाली होती, मी संधिवात सांगितला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कोण मूर्ख होता कोण जाणे.

डेलिथने दुकानात येऊन पहिला फोन दवाखान्यात केला. मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी कॅट्रिनला बोलावलं, सगळं नीट विचारून गुठळीचा धोका कमी असलेली दुसरी गोळी दिली, विमानात उठून फिरायला आणि पाणी पीत राहायला सांगितलं. पोरगी पांढऱ्या कपड्यांत बोटीवरून उडी मारतानाचा फोटो आयर्वेनच्या दुकानात कढईच्या वर लावलेला आहे, तेलकट होऊन गेलाय.

त्या सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करताना आयर्वेन मासे बांधून घेऊन आली होती. पुडकं काउंटरवर ठेवून ती डेलिथकडे वळली.

"चोवीस वर्षं हे तू पोटात ठेवलंस? एमलिनलासुद्धा नाही सांगितलंस?"

एमलिन म्हणजे डेलिथचा नवरा.

"त्याचं काय होतं त्यात?" डेलिथ म्हणाली. "तू माझ्याकडे ठेवायला दिलं होतंस."

आयर्वेनने तिला मिठी मारली, आणि मग मलाही, म्हणाली, आणि ही माझी सख्खी बहीण, हिनेही कधी तोंड उघडलं नाही. मी मान खाली घालून मासे पिशवीत भरायला लागले. माझ्या नवऱ्याला मी चोवीस वर्षांपूर्वी, तिने मला सांगितलं त्याच संध्याकाळी जेवताना सगळं सांगितलं होतं.