दादाने मारलेली गाठ

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. अकोल्याच्या शाळेत त्याने चाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली दोन वर्षं मी त्याच्या वर्गात होतो. सख्ख्या भावाला सवलत नाही, हे दाखवायला तो मला इतरांपेक्षा जास्त वेळ बाकावर उभं करायचा. मी ते विसरलोय असं मला वाटत होतं.

वहिनी गेल्यावर तो पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आला. काय बघायचंय असं विचारलं तर म्हणाला, जलपाश. म्हणजे कालव्यावरचं लॉक. सिमेंटची खोल पेटी, दोन्ही टोकांना दारं. नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी चढवून किंवा उतरवून तिला पलीकडच्या पातळीवर सोडायचं. फळ्यावर खडूने त्याने ते शेकडो वेळा काढलं होतं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

म्हणून मी ईरी कालव्यावर चार दिवसांसाठी एक लांबट नाव भाड्याने घेतली. नाववाल्याने तासभर भराभर सगळं समजावलं. तो काय म्हणतोय ते दादाने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, मी बघतो, तू नुसता बस.

पहिलंच लॉक उताराचं होतं. मी मागे सुकाणूवर, बायको मध्ये काठी घेऊन. पुढे कुणीतरी हवं होतं, म्हणून भिंतीवरून लोंबणारा दोर दादाच्या हातात दिला आणि मागे जाता जाता सांगितलं, "घट्ट धर. काही झालं तरी सोडू नकोस."

खरं तर पाणी उतरतं तसा तो दोर हातातून सरकू द्यायचा असतो. ते मी सांगितलं नाही.

दादा खुशीत होता. दारं कशी मिटतात, पाणी कुठून निघतं, हे तो बायकोला सांगत होता. तेवढ्यात नावेचं पुढचं टोक वर राहिलं आणि मागचं खाली जायला लागलं. आतल्या कपबश्या फुटल्या. दादाने दोर नावेच्या खुंटीला गाठ मारून बांधला होता. वरच्या लॉकवाल्याने ओरडून पाणी थांबवलं. मी सुरी घेऊन धावलो, दोर कापला, नाव धाडकन आदळली आणि दादा गुडघ्यांवर पडला.

गाठ कुणी मारली, असं लॉकवाल्याने विचारलं. मी दादाकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणालो की म्हाताऱ्याला काही कळत नाही. तेवढं इंग्रजी दादाला येत होतं.

"तू सोडू नकोस म्हणालास," तो गुडघे चोळत म्हणाला. "माझी बोटं वळत नाहीत रे. म्हणून बांधला."

"चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंस मग?"

बायकोने त्याला हात देऊन उठवलं.

पुढे अजून सहा लॉक होती. प्रत्येकाच्या आधी मी त्याला आत केबिनमध्ये बसवलं. तिथल्या खिडकीतून फक्त शेवाळलेली ओली भिंत दिसायची. बायको म्हणाली, भावोजींना माझ्याजवळ उभं राहू द्या. मी म्हणालो, इन्शुरन्समध्ये बसत नाही. ते खोटं होतं. मला बरं वाटत होतं, आणि ते मला कळतही होतं.

चौथ्या लॉकला दादाने केबिनच्या दारातून विचारलं, "दारं उघडताना तरी बघू का?"

"आत बस," मी म्हणालो.

तो आत जाऊन बसला. त्यानंतर त्याने विचारलं नाही.

परतल्यावर त्याने तिकीट दोन आठवडे अलीकडे घेतलं. एअरपोर्टवर बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाला, येतो. गाडीत बसल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "दोर सोडू नका असं त्यांना तुम्हीच सांगितलं होतंत ना?" मी गाडी सुरू केली.

सहा महिन्यांनी फोनवर तो विषय काढायचा प्रयत्न केला. चूक माझी होती, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण नावेचा उल्लेख होताच तो म्हणाला, तुझ्याकडे थंडी फार पडली म्हणे, आणि त्याने फोन आपल्या मुलाकडे दिला.