झ्यूसचं सोंग कुणाच्या घरचं?

"मास्तर, मन्हा पोऱ्या उद्यापासून शाळाम्हा येवाव नही!"

दारात गावचे पाटील उभे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी पोराचा हात धरला होता आणि पोर रडत होतं.

परवा डिप्टी यायचे होते. डिप्टी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. मी अनट्रेन्ड मास्तर, इंग्रजी तिसरीतच शाळा सुटलेला. रत्नागिरीकडून इतक्या लांब, पिंपळनेरच्या पलीकडं, ही नोकरी मिळाली हेच माझं भाग्य. मला कायम करायचं की घरी धाडायचं, ते या तपासणीवर ठरणार होतं. पटावर मुलं चौदा. आबांचं पोर गेलं की उरलेली तेरा दुपारच्या आत जाणार.

घोटाळा केला ग्रीस देशानं. लहान मुलांना जुन्या देशांची ओळख गोष्टींतून करून द्यावी, ही डिप्टींची हौस. आमच्या वाट्याला ग्रीस आला. मी अंगणात चिखलाचा ग्रीस थापला. तीन बाजूंनी चर खणून पाणी सोडलं, मधे डोंगर, पाण्यात दगडांची बेटं.

"गुरुजी, इतलं पानी कोन भरस?" एकानं विचारलं. समुद्र कुणीच पाहिला नव्हता.

मग मी तिथले देव सांगितले. मुलं म्हणाली, भोवाडा करू. या भागात मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवतात, तो भोवाडा. मला वाटलं, झकास! चिंचोक्याच्या खळीत कागद भिजवून मुखवटे केले. वीज फेकणारा झ्यूस वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला दिला. इथंच चुकलो. भोवाड्यातलं प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं, दुसऱ्यानं ते घ्यायचं नसतं. हे मला कोण सांगणार?

"इंद्रनं सोंग आमना घरनं शे," आबा गरजले. "बठ्ठा गावले माहीत शे."

"आबा, हा इंद्र नव्हे. परदेशातला देव आहे."

"ईज पाडस?"

"पाडतो."

"पानी पाडस?"

"...पाडतो."

"मंग इंद्रच शे. मुलूख बदलना म्हनीसन देव बदलस का?"

घाबरून मी गोष्टच पुढं रेटली. "आबा, ते तिघे भाऊ होते. आभाळ, समुद्र आणि पाताळ यांची त्यांनी वाटणी केली. चिठ्ठ्या टाकून."

आबा खाली बसले. भावांची वाटणी म्हटल्यावर त्यांच्यातला पाटील जागा झाला. "थोरलानी कुरबुर करी नही?"

"नाही. निघालं ते घेतलं."

"मंग टाका चिठ्ठ्या."

टाकल्या. झ्यूस निघाला पहिलीतल्या चिंधीला, जी मुखवट्यात पार दिसेनाशी झाली. आबांच्या पोराला समुद्र.

"समुद्र!" आबा म्हणाले. "तो कोनी देखेल शे आठे?"

"मी पाहिलाय, आबा."

मग भरती, ओहोटी, होड्या, खारा वारा, सगळं सांगितलं. पोर रडायचं विसरलं. दोन वर्षांत माझ्या गावाबद्दल मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

ठरल्या दिवशी डिप्टी आले. समुद्राचा देव हातात त्रिशूळ म्हणून गवत ओढायचं दाताळं घेऊन उभा.

"काय रे, ग्रीसमधले लोक बोटीनं का फिरतात?"

"साहेब, मझार डोंगरच डोंगर. बैलगाडी चढत नही. पानी मन्हं शे, मी बठ्ठासले नावम्हा बसाडीसन लई जास."

डिप्टी हसले. तेवढ्यात आबा पुढं आले आणि त्यांनी पोराच्या पायाशी फाडकन नारळ फोडला. पाणी साहेबांच्या बुटांवर.

"हे काय?"

मी घाईनं पुढं झालो. "सर, सोंग उभं राहिलं की घरच्यांनी नारळ फोडायचा असतो."

"पण हा देव तर ग्रीसचा!"

"आज सकायपासून आमना शे," आबा म्हणाले आणि साहेबांच्या हातावर खोबरं ठेवलं.

साहेबांनी खोबरं खाल्लं, बूट पुसले आणि शेरेबुकात लिहिलं : 'भूगोल उत्तम. मास्तर अनट्रेन्ड, तरी कायम करावे. वर्गात नारळ फोडू नये.'

पुढल्या वर्षी इजिप्त आला, तिथला मोठा देव सूर्य. नकाशाला हात लावण्याआधी मी आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विचारलं, "आबा, सूर्याचं सोंग कुणाच्या घरचं?"