नववी टोपली

हिंगोली जिल्ह्यात आजवर जेवढी म्हणून रिकामटेकडी डोकी निपजली, त्या सगळ्यांत आमच्या साडूभाऊंचं डोकं पहिल्या नंबरचं, हे मी कुठल्याही पारावर उभं राहून सांगायला तयार होतो. नोकरी कालवा निरीक्षकाची, राहणं सिद्धेश्वर धरणाच्या कॉलनीत, आणि घरात माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणजे माणसाने गप्प बसून सुखाने जगावं अशी सगळी सोय होती. पण जिल्हा नवा झाला त्या सुमारास धरणाच्या विश्रामगृहात कुण्या साहेबांचा अमेरिकेतला भाचा येऊन राहिला, आणि जाताना एक नारंगी तबकडी व नियमांचं इंग्रजी पुस्तक यांच्या हातात ठेवून गेला. त्या दिवसापासून हा गृहस्थ कामातून गेला.

मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून पुस्तक वाचायला मला कुरुंद्याहून बोलावणं आलं. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. घोड्याएवढ्या माणसांनी लांबून तबकडी फेकायची, ती खांबाला बसवलेल्या टोपलीत पडली पाहिजे, आणि कमीत कमी फेकींत टाकेल तो जिंकला. वाचता वाचता मला हसू आवरेना. साडूभाऊ मात्र कानशिलावर पेन्सिल अडकवून सगळं वहीत उतरवून घेत होते.

महिनाभरात कॉलनीत नऊ खांब उभे राहिले. जुने लोखंडी पाइप, त्यांवर कोंबड्या झाकायची डाली उलटी करून बसवलेली, आणि तबकडी अडावी म्हणून वरून गुरांच्या साखळ्या सोडलेल्या. मेहुणीबाई मला म्हणाल्या, "दारात एक शेळी न्हाई अन् साखळ्या पाहा किती." पहिली टोपली क्वार्टरसमोर, दुसरी विश्रामगृहामागच्या लिंबाखाली, असं करत करत नववी थेट कालव्याच्या पलीकडे. सरकारी टेप लावून अंतरं मोजलेली. तबकडी झाडाला लागली की हे आधी झाडापाशी जाऊन साल चाचपून बघत, मग तबकडी उचलत. साखरा गावच्या एका लग्नात तर पंगतीत वाढायला घेतलेलं ताट त्यांनी बोटावर तोललं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला, "वजन बराबर हाय, पण काठ जाड," असं सांगितलं. म्हाताऱ्याने पाट लांब सरकवला.

खेळायला दुसरं कुणी मिळेना. कॉलनीच्या चौकीदार चाचांना एकदा त्यांनी पकडून आणलं. निकाल ऐकून चाचा म्हणाले, "मैं सात बार फेंका, तुम तीन बार. मेहनत मेरी ज्यादा, और जीते तुम? ये कैसा इन्साफ है?" ते पुन्हा फिरकले नाहीत. मग राहिलो मी. मी दर रविवारी जायचो तो फक्त टिंगल करायला, आणि त्यांना वाटायचं खेळायला येतो.

एरवी सराव घरातल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीवर चाले. खरी तबकडी रविवारीच निघायची, कारण ती एकच होती आणि दुसरी कुठे मिळेना. नांदेडला विचारून झालं होतं, पुण्याला पत्रं गेली होती. म्हणूनच नववी टोपली ते कधी पाण्यावरून फेकून खेळले नाहीत. पुलावरून वळसा घालून पलीकडे जायचे आणि तिकडून टाकायचे. त्या रविवारी गव्हाच्या पाण्याची पाळी सुरू होती आणि कालवा काठोकाठ वाहत होता. मी म्हटलं, "साडूभाऊ, वळसा घालून कसला खेळ? आणा इकडे." घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दिली. मी जीव खाऊन फेकली. ती सरळ गेली, मग डावीकडे वळली आणि पाण्यात पडली. मला वाटलं तरंगेल. ती बुडाली.

मी घाबरून म्हटलं, "गेट बंद करा. किल्ली तुमच्याकडेच तर आहे."

त्यांनी मान हलवली. "शेवटच्या टोकाच्या लोकायचं पाणी हाय, गुरुजी. पंधरा दिवसांपासून वाट पाहून राहिलेत. खेळण्यासाठी कसं तोडू?"

पाळी संपली त्या दिवशी मी पहिल्या गाडीने गेलो. ते आधीच गुडघाभर गाळात उतरलेले होते. आम्ही खालच्या पुलापर्यंत हाताने गाळ चाचपला. दोन चपला सापडल्या, एक तंबाखूची डबी सापडली, तबकडी नाही. घरी गेल्यावर मेहुणीबाईंना ते एवढंच म्हणाले, "गेली. माझाच हात घसरला."

सासुरवाडीतही त्यांनी तेच सांगितलं. मग दर दिवाळीला त्यांची थट्टा व्हायची, की पाण्यावर हुकूम चालवणाऱ्या माणसाने स्वतःचं खेळणं पाण्यात घालवलं. सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. ते सुपारी कातरत बसायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्याची मला आज फार लाज वाटते. साडूभाऊ आता निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे असतात, आणि ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यांतली निम्मी माणसं राहिली नाहीत. उरलेल्यांसाठी लिहून ठेवतो. त्यांचा हात घसरला नव्हता. तबकडी मी फेकली.